काळ्या मातीवरचे मजले

उमरीहून रेल्वेने नांदेडला जाणाऱ्यांना शहरातल्या बहुमजली इमारती आता नव्या राहिल्या नाहीत. प्रश्न त्यांच्या पायाचा आहे. आपल्या काळ्या मातीतलं माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगतं, सुकलं की आकसतं. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या त्यामुळेच. पाया अशा मातीतच थांबला तर भिंतींना तिरके तडे जातात. म्हणून उंच इमारतीचा पाया माती ओलांडून मुरमावर किंवा काळ्या पाषाणावर टेकवावा लागतो.

आणि भूकंप? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो जीव गेले, ते बहुतांशी दगडमातीच्या जाड भिंती आणि धाब्याच्या जड छतांखाली. तेव्हा दोष केवळ उंचीला देता येत नाही. माझ्या मते खरी काळजी तळमजल्याची करावी. पार्किंगसाठी तिथे भिंती नसतात, नुसते खांब असतात. हादऱ्याचा सगळा ताण त्यांच्यावर येतो. २००१ च्या भूज भूकंपात दोनशेहून अधिक किलोमीटर दूरच्या अहमदाबादेत अशा इमारती कोसळल्या.

फ्लॅट बुक करण्याआधी माती परीक्षणाचा अहवाल आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र मागून घ्या.