कुत्र्याच्या पोटाला पडणारा पीळ

कोवळी लसूणघास भरपूर खाल्लेल्या गाईचे पोट फुगलेले तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. डावी भकाळी ढोलासारखी ताणते. प्राणावर बेतले तर पशुवैद्य तेथे ट्रोकार खुपसून वायू मोकळा करतात. ग्रेट डेनसारख्या मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांचेही पोट असेच फुगते; पण त्यांच्यात वायूपेक्षा घातक असतो तो पीळ.

जठर ही एक पिशवी. तिच्या एका टोकाला अन्ननलिका, दुसऱ्या टोकाला आतडे. गिळलेल्या हवेने फुगलेली ही पिशवी स्वतःभोवती फिरली, की दोन्ही तोंडे आवळली जातात. (लिमलेटच्या गोळीचा कागद दोन्ही टोकांना पिळलेला असतो, तसे!) मग ना ढेकर येते, ना ओकारी. कुत्र्याला पुन्हा पुन्हा उमासे येतात, पण बाहेर पडतो तो नुसता फेस. पोट ताठ होते, कुत्रा येरझारा घालतो. अशा वेळी घरगुती औषधांत वेळ न दवडता थेट पशुवैद्य गाठावा.

एवढी घाई कशासाठी? फुगलेले जठर पोटातील महाशिरेवर दाब देते. मागच्या अंगातील रक्त हृदयाकडे परतू शकत नाही आणि रक्तदाब कोसळतो. म्हणूनच सलाइनची सुई पुढच्या पायात लावतात. मागच्या पायात दिलेले सलाइन त्या दाबलेल्या शिरेपाशीच अडेल. त्याच वेळी तोंडावाटे नळी घालून वायू काढतात. नळी जाईना, तर फुगलेल्या कुशीत जाड सुई टोचतात. पण पीळ सोडवण्यासाठी पोट उघडून जठर हाताने सरळ करावे लागते.

एवढ्यावर टाके घातले, तर निम्म्याहून अधिक कुत्र्यांत पीळ पुन्हा पडतो. म्हणून जठराचे आतड्याकडील टोक उजवीकडे पोटाच्या भिंतीला जोडतात. याला गॅस्ट्रोपेक्सी म्हणतात. यातली युक्ती मोठी सुरेख आहे. भार दोऱ्यावर ठेवायचा नसतो. दोन्ही पृष्ठभागांवर छेद घेऊन त्या जखमा एकमेकींना शिवतात; त्या एकत्र भरून आल्या, की दोरा विरघळला तरी सांधा टिकतो. धोक्याच्या जातीच्या निरोगी कुत्र्यावर, संततिनियमनाच्या शस्त्रक्रियेबरोबरच, हे आधीही करता येते. नंतर जठर फुगू शकते. पिळले मात्र सहसा जात नाही.

खाण्याचे भांडे उंचावर ठेवले की पोट फुगत नाही, असा एक समज होता. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मात्र उंच भांड्यातून खाणाऱ्या मोठ्या कुत्र्यांतच हा विकार अधिक आढळला!