वरुणेकाठची पूररेषा
काशीचा पूर म्हटला की बुडालेले घाट डोळ्यांपुढे येतात; पण दगडी घाट दरवर्षी पाणी सोसतातच. खरी हानी वरुणेकाठी होते. गंगा फुगली की वरुणेचे पाणी तुंबून उलटे फिरते आणि नक्खीघाट, सरैया येथील विणकरांच्या वस्तीत शिरते. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. सप्टेंबर १९७८ मध्ये ती ७३.९०१ मीटरपर्यंत चढली होती. जोखीम-नकाशावर हीच उच्चतम रेषा वरुणेच्या दोन्ही काठांनी आखून घरांच्या जोत्यांची उंची तिच्याशी ताडून पाहावी लागते. ती पाहून विणकराला कर्ज नाकारणे अन्यायाचे. विमा उतरवून देणे अधिक इष्ट. सूत वरच्या मजल्यावर नेता येते, खड्ड्यात बसवलेला हातमाग ऐनवेळी हलवता येत नाही.