अनवधानाने झालेली चूक आणि ई-चलन: दंड भरावा की दाद मागावी?

नवी दिल्ली : मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट टप्प्यात मोटारींना ताशी १०० किलोमीटर वेगाची मुभा आहे, घाट सुरू होताच ही मर्यादा ६० वर येते. समजा, बडोद्याहून पुण्याला निघालेल्या एका वाहनचालकाचे लक्ष पुढे रेंगाळणाऱ्या मालमोटारीकडे होते. फलक नजरेतून निसटला, मोटार ७८ च्या वेगाने घाटात शिरली आणि काही दिवसांनी भ्रमणध्वनीवर ई-चलन आले. मद्यप्राशन नाही, शर्यत नाही, अपघातही नाही. चूक मात्र झालेली आहे. ‘मुद्दाम केले नाही’ एवढ्या एका मुद्द्यावर या चलनाविरुद्ध दाद मागता येते काय?

बहुतेक प्रकरणांत या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम १८३ वेगमर्यादा ओलांडली की नाही एवढेच पाहते. ती हेतुपुरस्सर ओलांडली की अनवधानाने, हे पाहत नाही. भारतीय न्याय संहितेतील वस्तुस्थितीविषयक गैरसमजाचा अपवाद विशेष कायद्यांखालील गुन्ह्यांनाही लागू होतो, हे खरे. परंतु त्या अपवादाला ‘सद्भाव’ आवश्यक असतो आणि पुरेशी काळजी व लक्ष न देता केलेली कोणतीही गोष्ट सद्भावाने केली असे म्हणता येत नाही, असे हीच संहिता सांगते. म्हणजे केवळ प्रामाणिकपणा पुरत नाही, त्याला सावधपणाची जोड हवी. फलक दिसला नाही असे सांगणारा चालक नेमके त्याच ठिकाणी अडतो.

याच कसोटीवर काही चालक मात्र निर्विवादपणे उतरतात. लाल दिवा असताना चौकातील वाहतूक पोलिसाने हात करून वाहने पुढे सोडली आणि कॅमेऱ्याने त्यांची छायाचित्रे टिपली, तर चालकाने कायदा मोडलेला नसतो. कलम ११९ नुसार सिग्नलप्रमाणेच वाहतूक नियंत्रित करणाऱ्या पोलिसाचा आदेश पाळणेही बंधनकारक आहे. मागून आलेल्या रुग्णवाहिकेला वाट देण्यासाठी चालक थांबरेषा ओलांडून दोन हात पुढे सरकला, तर त्याचीही बाजू भक्कम असते. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास कलम १९४-ई खाली दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. कॅमेऱ्याला मात्र मोटार पुढे का सरकली हे दिसत नाही. त्याला फक्त रेषा दिसते.

त्यामुळे चलन हाती पडल्यावर रकमेआधी त्यावरील कलम वाचावे. सामान्य उल्लंघनासाठीच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे. हलक्या वाहनाने वेगमर्यादा ओलांडल्यास कलम १८३ खाली एक ते दोन हजार रुपये दंड होतो. कलम १८४ हे धोकादायक वाहनचालनाचे. २०१९ च्या सुधारणेनंतर लाल दिवा ओलांडणे, हातात भ्रमणध्वनी धरून वाहन चालवणे आणि वाहतुकीच्या उलट दिशेने जाणे या कृतींचा त्यात स्पष्ट समावेश झाला. पहिल्याच गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कारावास किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. शिवाय या कलमाखालील प्रकरण हातातील भ्रमणध्वनीच्या वापराचे असेल तरच जागेवर तडजोड शुल्क घेऊन मिटवता येते. उरलेली प्रकरणे न्यायालयापुढेच जायला हवीत. किरकोळ चुकीला हे कलम लावलेले असेल, तर ‘चूक झाली, पण ती या कलमात बसत नाही’ हा युक्तिवाद मांडण्यासारखा असतो. हेतू निर्मळ होता असे सांगत बसण्यापेक्षा त्यात अधिक बळ असते.

‘हजार रुपयांसाठी कोण कटकट करणार’ असे म्हणून दंड भरून मोकळे होणाऱ्यांच्या ध्यानात सहसा एक बाब येत नाही. कलम २०० खाली तडजोड शुल्क भरले की त्या गुन्ह्याची पुढील कारवाई थांबते. परंतु पुढे तोच गुन्हा पुन्हा घडल्यास तडजोड केलेला गुन्हाही ‘पूर्वीचा गुन्हा’ म्हणून धरला जातो. वेगमर्यादेच्या दुसऱ्या उल्लंघनाला परवाना जप्त करण्याची तरतूद आहे. अतिवेग, लाल दिवा ओलांडणे आणि वाहन चालवताना भ्रमणध्वनी वापरणे अशा गुन्ह्यांत किमान तीन महिन्यांसाठी परवाना निलंबित करावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना दिले होते. रविवारी फिरायला जाणाऱ्या मोटारमालकाला तीन महिन्यांचे निलंबन ही गैरसोय आहे. टॅक्सी, शालेय बस वा मालमोटार चालवणाऱ्याच्या घरी मात्र तेवढ्याने चूल थंडावते. म्हणून न केलेल्या चुकीचे चलन केवळ रक्कम लहान आहे या कारणाने भरून टाकणे शहाणपणाचे नाही.

चालकाच्या चुकीइतकीच यंत्रणेची चूकही शक्य असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये १६७-अ हा नियम समाविष्ट झाला. कॅमेरा किंवा वेगमापक यंत्राला मान्यता प्रमाणपत्र हवे, त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे, पुढे कॅमेऱ्याची देखरेख आहे असा इशारा देणारा फलक असावा, चलनासोबत उल्लंघन आणि नोंदणी क्रमांक स्पष्ट दाखवणारे छायाचित्र असावे, त्यावर वेळ, तारीख व ठिकाण यांची नोंद असावी, उल्लंघनानंतर १५ दिवसांत सूचना पाठवावी, अशा अटी त्यात आहेत. छायाचित्रातील दुचाकी तांबडी आणि आपली काळी असेल, क्रमांकातील ‘८’ यंत्राने ‘३’ असा वाचला असेल, किंवा आपले वाहन त्या वेळी दुसऱ्या शहरात असल्याचा टोलनाक्याचा पुरावा असेल, तर तक्रार दाखल करण्यात वेळ दवडू नये. वेग केवळ एका साक्षीदाराच्या अंदाजावर ठरवला असेल आणि त्या अंदाजाला यांत्रिक वा इलेक्ट्रॉनिक उपकरणाचा आधार नसेल, तर कलम १८३ खाली दोषी धरता येत नाही.

कलम २०९ चा उपयोग फार थोडे लोक करतात. कलम १८३ किंवा १८४ खाली एखाद्याला दोषी ठरवायचे, तर त्याला घटनेच्या वेळीच खटल्याची ताकीद दिलेली असावी, अथवा १४ दिवसांत नोटीस पाठवलेली असावी, अथवा २८ दिवसांत समन्स बजावलेले असावे. चार महिन्यांनी प्रथमच कळलेल्या अतिवेगाच्या चलनाबाबत हा मुद्दा न्यायालयापुढे निश्चित मांडता येतो. मात्र विलंबाला चालकाचे स्वतःचे वर्तन कारण ठरले असेल, तर या संरक्षणाचा लाभ मिळत नाही. घर बदलूनही नोंदणी प्रमाणपत्रावरील पत्ता आणि भ्रमणध्वनी क्रमांक तसाच ठेवणाऱ्यांची अडचण येथे होते.

दाद मागण्याची पहिली पायरी न्यायालयाची नाही. परिवहन विभागाच्या ई-चलन संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. महाराष्ट्रातील चलनांसाठी ‘महाट्रॅफिक ॲप’वरही ती सोय आहे. चुकीचा क्रमांक, चुकीचे वाहन अशा उघड दोषांसाठी हा मार्ग योग्य. प्रकरण पुढे गेले, तर ते अनेक ठिकाणी आभासी न्यायालयात येते. दिल्लीत असे न्यायालय जुलै २०१९ मध्ये सुरू झाले. नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे वाहतूक प्रकरणांसाठीचे आभासी न्यायालय ३१ ऑक्टोबर २०२० पासून आहे. तेथे दोनच पर्याय असतात: प्रस्तावित दंड भरणे किंवा प्रकरण लढवणे. पहिल्याचा अर्थ गुन्ह्याची कबुली, हे बटण दाबण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. दुसरा निवडल्यास प्रकरण क्षेत्रातील नियमित न्यायालयाकडे जाते. त्यासाठीची मुदत चलनावर किंवा नोटिशीत दिलेली असते. नियम बदलत असल्याने ऐकीव मुदतीवर विसंबू नये.

बडोद्याच्या त्या चालकापुढची खरी अडचण इथे येते. गुन्हा जेथे घडला तेथील न्यायालयात खटला चालतो. दोन हजारांच्या दंडासाठी घाटालगतच्या न्यायालयात दोन-तीन तारखांना जायचे, वकील द्यायचा, रजा घ्यायच्या, हा हिशेब बहुधा तोट्याचाच ठरतो. छायाचित्र स्वच्छ, फलक जागेवर, नोटीस वेळेत आणि पहिलेच उल्लंघन अशी स्थिती असेल, तर त्याने रक्कम भरणे इष्ट. व्यवसायाने चालक असलेल्या आणि आधीच एक नोंद असलेल्या व्यक्तीचे गणित वेगळे. परवाना पणाला लागलेला असताना प्रवासखर्च गौण ठरतो.

चूक मान्य आहे पण रक्कम जड वाटते, अशांना दोन वाटा आहेत. तडजोड शुल्क ठरलेले असते आणि ते राज्यागणिक बदलते: गुजरातने सप्टेंबर २०१९ मध्येच अनेक शुल्के घटवली, महाराष्ट्राने सुधारित दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. न्यायालयाला मात्र कायद्याने घातलेल्या किमान व कमाल मर्यादेत दंड ठरवण्याची मोकळीक असते आणि तेथे पहिली चूक, अपघात नसणे, सरळ कबुली या गोष्टी ऐकून घेतल्या जातात. गुन्ह्यातून न सुटलेला प्रामाणिकपणा इथे उपयोगी पडू शकतो. दुसरी वाट लोकअदालतीची. तेथील तडजोड अंतिम असते, तिच्यावर अपील नाही. मात्र चलन चुकीचे होते असा निर्वाळा तेथे मिळत नाही. तेलंगण व कर्नाटकने प्रलंबित चलनांवर वेळोवेळी घसघशीत सवलती दिल्या. त्यांनी तिजोरीत पैसा आला, पण वेळेत दंड भरणाऱ्याला आपणच खुळे ठरलो असे वाटले असल्यास नवल नाही.

लढायचे ठरवणाऱ्याने पहिल्याच दिवशी पुरावा राखावा. मोटारीतील कॅमेऱ्याचे चित्रण काही दिवसांत नव्या चित्रणाखाली पुसले जाते. झाडाच्या फांदीआड लपलेला फलकही महिनाभराने छाटणी होऊन स्वच्छ दिसू लागतो. त्या जागेचे तारखेसह छायाचित्र, टोलची पावती, सोबतच्या प्रवाशाचे नाव आणि चलनाची प्रत एकत्र ठेवावी. चलनाच्या नावाने येणाऱ्या संदेशातील दुव्यावर मात्र बोट ठेवू नये. बनावट ई-चलनांचे दुवे पाठवून भ्रमणध्वनीत घातक ॲप उतरवण्याचे प्रकार देशभर घडत आहेत. ‘जीओव्ही डॉट इन’ने शेवट होणाऱ्या शासकीय संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टंकून तेथे वाहन क्रमांक घालावा आणि चलन खरोखर निघाले आहे काय, हे पाहून घ्यावे.