पहाट एकट्याने होत नाही

नवे वर्ष सुरू झाले, मुलांची शाळा उघडली किंवा डॉक्टरांनी साखरेचा रिपोर्ट हातात ठेवला की घरोघरी एक संकल्प सोडला जातो. उद्यापासून पहाटे पाचला उठायचे! पहिले चार दिवस उत्साहात जातात. पाचव्या दिवशी गजराने सारे घर उठते आणि ज्याने तो लावला, तो मात्र कूस बदलून झोपतो. मग स्वतःला आळशी म्हणायचे आणि पुढच्या मुहूर्ताची वाट पाहायची.

पण हा खरेच आळस आहे का? वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावचे उदाहरण घेऊ. नदीकाठच्या या गावात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कापड गिरणी उभी राहिली. गिरणीच्या गावाची पहाट भोंग्याने होते. पहिल्या पाळीचा कामगार उठे, त्याचा डबा करणारी उठे आणि त्यांच्यासोबत सारा मोहल्ला जागा होई. आज ती गिरणी बंद आहे.

भोंगा नसला तरी विदर्भात पहाटेची इतर निमित्ते आहेत. मे महिन्यात ऊन तापायच्या आत कामे उरकावीच लागतात. कोजागिरीनंतर महिनाभर गावोगावच्या मंदिरांत काकडा चालतो. तुकडोजी महाराजांनी सकाळचे सामुदायिक ध्यान शिकवले, त्यातला ‘सामुदायिक’ हा शब्द महत्त्वाचा. या साऱ्यांत माणूस एकटा उठत नाही. उठायला कारण असते आणि आपली वाट पाहणारे कोणीतरी असते. आज आपण ते सारे ओझे उशाशी ठेवलेल्या मोबाइलवर टाकले आहे.

दुसरी गोष्ट रात्रीची. ‘लवकर निजे, लवकर उठे’ या म्हणीत निजणे आधी येते, हे आपण सोयीने विसरतो. १९३६ साली गांधीजी पुलगावच्याच जिल्ह्यात, सेवाग्रामला राहायला आले. त्यापूर्वीच्या साबरमती आश्रमाच्या वेळापत्रकात पहाटे ४ ला उठणे होते, तशीच रात्री ९ ला झोपण्याची घंटाही होती. म्हणजे ७ तासांची झोप! मोठ्या माणसाला किमान तेवढी हवी, असेच आजचे डॉक्टरही सांगतात. अकरापर्यंत मालिका आणि बारापर्यंत मोबाइल पाहून पाचला उठणे म्हणजे स्वतःच्याच तब्येतीकडून उधार घेणे.

शरीरातही एक घड्याळ असते. त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले. हे घड्याळ मुख्यतः उजेडावर चालते. पुलगावात जूनमध्ये सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, तर जानेवारीत सातला थोडा वेळ असताना. म्हणजे एक जानेवारीचा संकल्प सूर्याच्या जवळजवळ दोन तास आधी उठण्याचा असतो. तो मोडला तर नवल काय? त्यापेक्षा उन्हाळ्यात सुरुवात करावी. दर आठवड्याला पंधरा मिनिटे अलीकडे यावे आणि उठल्याबरोबर अंगणात किंवा गच्चीवर उजेडात जावे.

घरातल्या सर्वांना एकच वेळ लावू नये, हेही तितकेच खरे. वयात येणाऱ्या मुलांचे घड्याळ निसर्गतःच थोडे पुढे सरकते, त्यांना लवकर झोप येत नाही. लहान शाळकरी मुलांना तर किमान ९ तास झोप हवी. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ नंतर भरवण्याचा आदेश महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये काढला, तो मुलांच्या अपुऱ्या झोपेमुळेच.

आणि घरातल्या आईचे काय? नवऱ्याने फिरायला पाचला उठायचे ठरवले की त्याच्या चहासाठी ती पावणेपाचला उठते. रात्री ओटा आवरून सर्वांत शेवटी झोपणारीही तीच असते. एकाच्या आरोग्याचा संकल्प दुसऱ्याच्या झोपेतून वसूल होत असेल, तर त्या पहाटेचे पुण्य कोणाच्या खात्यात जमा करायचे?

म्हणून या वेळी गजर लावण्याआधी घरच्यांनी एकत्र बसावे. रात्रीची भांडी कोण आवरणार, टीव्ही कितीला बंद होणार, सकाळचा चहा कोण ठेवणार, एवढे ठरवावे. शेजारच्या एखाद्याला सोबत फिरायला यायचे कबूल करावे. फाटकाशी कोणी वाट पाहत उभे असले की पांघरूण आपोआप बाजूला होते. भोंगा गेला असला, तरी हाक मारणारी माणसे अजून शेजारी आहेत.