मोटारसायकलच्या हँडलचा ढिलेपणा

मोटारसायकलच्या हँडलचा ढिलेपणा हा फोर्क व मुख्य चौकट यांना जोडणाऱ्या सांध्यात सैलपणा आल्याने निर्माण होणारा यांत्रिक दोष आहे. या सांध्यातील बेअरिंगला गॅरेजच्या भाषेत कोनसेट किंवा बॉल रेसर म्हणतात. बराच काळ वापरलेल्या जुन्या गाड्यांत हा दोष विशेष आढळतो. नट आवळून तो तात्पुरता झाकता येतो. परंतु झिजलेला कोनसेट आवळल्याने हँडल जड होते आणि गाडी सावरणे अधिकच कठीण होते. त्यामुळे दुरुस्तीपूर्वी नेमके निदान आवश्यक असते.

रचना

चौकटीच्या पुढच्या टोकाला मानेसारखी तिरकी नळी असते. फोर्कचे दोन्ही पाय धरून ठेवणाऱ्या खालच्या जोडाला कारागीर ‘टी’ म्हणतात. टीचा दांडा या नळीतून वर जातो आणि वरच्या बाजूस नटांनी धरला जातो. नळीच्या दोन्ही तोंडांशी कठीण पोलादाच्या वाट्या व त्यांना जुळणारे कोन असतात. वाटी आणि कोन यांच्यामधील खोबणीत पोलादी गोळ्या फिरतात. बुलेट, येझदी, राजदूत यांसारख्या जुन्या गाड्यांत या गोळ्या सुट्या असत. वरचा एक नट बेअरिंगवरील दाब ठरवतो, तर त्यावरचा नट ही जुळणी जागेवर धरून ठेवतो.

कारणे

खालच्या बेअरिंगवर गाडीच्या पुढील भागाचे वजन आणि खड्ड्यांचे धक्के येत असल्याने ते सहसा आधी झिजते. सरळ रस्त्यावर हँडल फारच थोडे फिरते. त्यामुळे गोळ्या बहुतेक काळ एकाच जागी राहतात व प्रत्येक धक्का वाटीच्या त्याच बिंदूंवर बसतो. तेथे हळूहळू बारीक खळगे पडतात. आघाताने पडणाऱ्या अशा खळग्यांना ब्रिनेलिंग म्हणतात. हे नाव १९०० साली धातूच्या कठीणपणाची चाचणी मांडणारे स्वीडिश अभियंते योहान ऑगस्ट ब्रिनेल यांच्यावरून पडले आहे. सुकलेले ग्रीस, दाबाच्या पाण्याने केलेली धुलाई, पाण्यामुळे चढलेला गंज आणि सैल कोनसेटवर बराच काळ चालवलेली गाडी यांमुळे झीज वेगाने वाढते.

लक्षणे

पुढचा ब्रेक दाबताना किंवा खड्ड्यातून जाताना हँडलमध्ये ‘टक्’ असा धक्का जाणवणे हे सैलपणाचे प्रमुख लक्षण आहे. वेग कमी होत असताना हँडल डावी-उजवीकडे थरथरू शकते. खळगे पडले असल्यास हँडल सरळ स्थितीत अडकल्यासारखे वाटते आणि गाडी एका रेषेत न जाता किंचित नागमोडी चालते. दुचाकी चालताना तिचा तोल हँडलच्या सूक्ष्म हालचालींनी सतत सावरला जातो. त्या हालचाली अडल्या की तोल सावरण्यास उशीर होतो. म्हणून अतिघट्ट कोनसेट हा सैल कोनसेटइतकाच गंभीर दोष मानला जातो.

निदान

गाडी मुख्य स्टँडवर उभी करून इंजिनाखाली भक्कम आधार दिला जातो व पुढचे चाक जमिनीपासून उचलले जाते. हँडलवर घर्षण डॅम्पर असल्यास तो सैल करावा. त्यानंतर तीन चाचण्या करतात.

पहिल्या चाचणीत फोर्कची खालची टोके दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवतात. त्याच वेळी दुसऱ्या व्यक्तीने टी आणि मानेची नळी यांच्या सांध्यावर बोट ठेवल्यास तेथील हालचाल स्पष्ट कळते. दुसऱ्या चाचणीत हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवतात. मध्यभागी खाच लागल्यास वाट्या निकामी झालेल्या असतात. तिसऱ्या चाचणीत हँडल मध्यापासून हलकेच ढकलतात. ते दोन्ही बाजूंना स्वतःच्या वजनाने पडले पाहिजे. मात्र केबल व वायरिंगचा ताण त्याला अडवत नाही ना, हे आधी पाहावे लागते.

असाच भास इतर दोषांमुळेही होतो. हालचाल फोर्कच्या आतील व बाहेरील नळ्यांमध्ये असेल, तर फोर्कचे बुश झिजलेले असतात. चाक कडेला धरून आडवे हलवल्यावर ते आसावर डुलत असेल, तर चाकाचे बेअरिंग संशयास्पद ठरते. मागचे चाक बाजूला हलत असल्यास स्विंग आर्मचे बुश तपासावे लागतात. हँडलचे क्लॅम्प, चाकाचे आरे, टायरची झीज व हवेचा दाब हेही पाहणे आवश्यक असते.

दुरुस्ती

खाच नसेल आणि केवळ सैलपणा असेल, तर जुळणी पुरेशी ठरते. वरच्या जोडाचे बोल्ट व वरचा नट सैल करून खालचा नट हुक पान्याने थोडा थोडा, साधारण अष्टमांश फेऱ्याने, आवळतात. सैलपणा जाताच थांबावे लागते. वरचा नट घट्ट केल्यावर दाब पुन्हा बदलू शकतो, म्हणून तिन्ही चाचण्या परत केल्या जातात.

खाच असल्यास वाट्या, कोन व गोळ्या असा संपूर्ण संच बदलतात. केवळ नव्या गोळ्या घातल्याने जुने खळगे जात नाहीत. टी खाली उतरवताना सुट्या गोळ्या विखुरतात, म्हणून खाली कापड पसरावे. जुन्या वाट्या नळीच्या आतून लांब पंचाने आलटून-पालटून ठोकून काढतात. बैठक स्वच्छ करून नव्या वाट्या तिरक्या न जाता पूर्ण टेकतील अशा बसवतात. गोळ्या ग्रीसमध्ये चिकटवून बसवल्या जातात; त्यांची संख्या व आकार त्या मॉडेलच्या सेवापुस्तिकेप्रमाणे असावा. नव्या वाट्या वापरात थोड्या बसत असल्याने काहीशे किलोमीटरनंतर जुळणी पुन्हा तपासतात.

टॅपर रोलर बेअरिंग

काही जुन्या गाड्यांत गोळ्यांऐवजी टॅपर रोलर बेअरिंग बसवले जाते. गोळी खोबणीला अगदी लहान जागी टेकते, तर रोलर संपूर्ण रेषेवर टेकतो. त्यामुळे भार अधिक पसरतो आणि खळगे पडण्याचा वेग कमी होतो. मात्र बैठकीची मापे तंतोतंत जुळणे आवश्यक असते. हे बेअरिंगही अति आवळल्यास हँडल जड होते. त्यामुळे जुळणीच्या चाचण्या त्यालाही तशाच लागू पडतात.