दारातले मूल

३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी अमेरिकेत मुले भुताखेतांची सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात. हा हॅलोवीनचा सण. केल्ट लोकांच्या हिवाळ्याच्या तोंडावरील सणाशी त्याचे मूळ जोडतात. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा दिवस. त्याची ही पूर्वसंध्या. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडहून गेलेल्या कष्टकऱ्यांनी हा सण तिकडे रुजविला; मायदेशी सलगम कोरून करीत तो दिवा तेथे भोपळ्याचा झाला.

सण एक, पण घरे सारखी नाहीत. यहोवाचे साक्षीदार हा पंथ तो पाळीतच नाही. कित्येक चर्चे भुतांना फाटा देऊन आवारात मोटारी उभ्या करतात व डिकीतून खाऊ वाटतात. ज्याला भाग घ्यायचा नाही, तो दारावरचा दिवा मालवतो. शेजारी काय ते समजतात आणि पुढे जातात.

गरजेचा प्रश्न याहून नाजूक. काही मुलांना शेंगदाण्याचा कणही जिवावर बेततो. घसा सुजून श्वास कोंडतो. अशा मुलाने मिळालेला खाऊ घरी आणून परत टाकायचा काय? अन्नाच्या ॲलर्जीवर काम करणाऱ्या 'फेअर' या संस्थेने २०१४ साली एक साधी खूण देशभर नेली. दारात निळसर-हिरवा भोपळा असला, की तेथे पेन्सिल, भोवरा अशी न खाण्याची वस्तूही मिळते. स्वमग्न मुलाला कधी 'द्या' म्हणता येत नाही. काही आईबाप त्याच्या हाती निळी बादली देतात. इतरांना मुलावर असा शिक्का नको असतो. दोघांचेही म्हणणे खरे आहे. म्हणून मुलाने खूण दाखवावी यापेक्षा घरधन्याने न विचारता द्यावे, हे बरे.

आम्ही हे का सांगतो? एका संपात मांडवातले जेवण आमच्याकडे होते. एकादशीला आम्ही भात-आमटीच शिजविली. उपासवाले सोबती पाणी पिऊन बसले. तक्रार कोणीच केली नाही. एकजूट म्हणजे सर्वांना एकच वाढणे, असे आम्ही तोवर समजत होतो. चार शेर साबुदाण्याने भागले असते!

परदेशी सण आपण पाळावा, असे आमचे म्हणणे नाही. पण गणपतीच्या वर्गणीला आणि प्रसादाला हाच प्रश्न आपल्या दाराशी येतो. नाही म्हणणाऱ्याचा दिवा मालवलेला राहू द्यावा, आणि येणाऱ्याला चालेल असे काही ताटात ठेवावे. एवढे केले, तरी शेजार टिकतो.