लिथियम बॅटरी : जालन्याच्या उन्हातली निगा
जालना जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. पत्र्याच्या शेडमधली ई-रिक्षा त्याहूनही तापते, आणि उष्णता हीच लिथियम सेलची मोठी वैरीण. लिथियम लोह-फॉस्फेट सेल साधारण ३.२ व्होल्टचा, असे १६ सेल एकामागे एक जोडले की ५१.२ व्होल्टचा पॅक होतो. त्यातला एक कमजोर पडला, तरी सगळा पॅक लवकर उतरतो. म्हणून जाणता कारागीर मल्टिमीटरने प्रत्येक सेल वेगळा मोजतो. आवरण फुगलेले, कनेक्टर काळवंडलेला किंवा उग्र वास येत असेल, तर चार्जिंग तिथेच थांबवावे. गाडी दारात आल्याआल्या चार्जर लावू नये. पॅक आधी निवू द्यावा. २०२२ मधल्या ई-स्कूटरच्या आगींनंतर केंद्राने अशा वाहनांच्या बॅटरीसाठीचे एआयएस-१५६ हे सुरक्षा मानक कडक केले. बरेच दिवस वापर नसेल, तर पॅक निम्मा भरून सावलीत ठेवावा.